इंजिन सुरू होत नाही? आधी नांगर टाका!

गेल्या वर्षी गौरी-गणपती पोचवून झाले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीपलीकडे नणंदेकडे गेलो होतो. सासूबाई, माझी दोन मुले आणि मी. जेवणे, गप्पा, डबे भरणे यात परतायला उशीरच झाला. धक्क्यावर आलो तेव्हा सूर्य कलला होता नि ओहोटी लागली होती. होडी लहानशी, एका सिलिंडरचे, हाताने हँडल मारून सुरू करायचे डिझेल इंजिन असलेली. सुकाणूवर तांडेलकाका आणि उतारूंचे पैसे गोळा करायला त्यांच्या शेजारी काकी. आम्ही धरून आठ उतारू होतो.

खाडीच्या मध्यावर आलो आणि इंजिनाचा आवाज एकदम मंदावला. दोनदा अडखळला नि बंद पडला. काकांनी हँडल मारले. एकदा, पाचदा, दहादा. इंजिन काही घेईना. काका घामाघूम झाले, आणि इकडे होडी पाण्याबरोबर गुपचूप खाडीच्या तोंडाकडे सरकू लागली. तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटताना पांढऱ्या दिसत होत्या. सासूबाईंनी डोळे मिटून स्तोत्र सुरू केले. धाकट्याने माझा पदर घट्ट धरला.

तेवढ्यात काकी उठल्या. म्हणाल्या, "अवो, ते हँडल ठेवा खाली. आधी नांगर टाका. मग बघू इंजिनाचं काय ते."

नांगर पडला, दोर ताणला, होडी थांबली. आमचाही जीव थोडा खाली पडला. मग काकींनी एकच प्रश्न विचारला, "हँडल मारताना धूर येत होता का?" काका म्हणाले, "नाय." "मग डिझेलच वर पोचत नाय. हवा घेतली असंल." टाकीत काठी घालून पाहिली तर जेमतेम तीन बोटे डिझेल! होडी लाटांवर डुलली की तळचे डिझेल एका बाजूला जाई आणि नळीत डिझेलऐवजी हवा शिरे. काकींनी फळीखालचा डबा काढला, गाळणीतून डिझेल ओतले, पाना घेऊन दोन-तीन ठिकाणचे स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. मी फक्त मोबाइलचा दिवा धरून उभी होते. पंधरा मिनिटांत इंजिन सुरू!

घरी आल्यावर मला राहून राहून वाटले, काका काही अडाणी नव्हते. तीस वर्षे होडी चालवणारा माणूस. पण घाबरला की माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहतो. काकींनी निराळे काय केले? त्या क्रमाने गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम दोन दुपारी काकींच्या ओटीवर आणि होडीत बसून सगळे समजून घेतले, शंका उरल्या त्या गावच्या मिस्त्रींना विचारल्या. तेच इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी होडी असेल, माहेरी असेल, नाहीतर निदान तरीने जाणेयेणे असेल. शिवाय विहिरीवरच्या पंपाचे नि पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजिनही याच जातीचे. तेव्हा वाचून ठेवायला हरकत नाही.

ठिणगीशिवाय पेटते कसे?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. सायकलीला हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन आत घेतलेली हवा सोळा ते बावीस पट दाबते. तेवढ्याने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. फवारा सोडणाऱ्या तोटीला मिस्त्री लोक 'नोझल' म्हणतात. आपल्या आईच्या स्टोव्हचे नोझल आठवा. पिन मारली नाही, कचरा अडकला, की ज्योत नीट येत नसे. इथेही तोच प्रकार, फक्त दाब प्रचंड.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्ग इथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात असेच एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवले होते! पण तेल कुठलेही असो, इंजिनाला तीन गोष्टी हव्यातच: हवा, ती दाबण्याची ताकद आणि वेळेवर डिझेल. इंजिन सुरू होत नाही म्हणजे या तिघांपैकी एक कुणीतरी रुसले आहे. कोण, ते शोधायचे.

पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, होडीचा

रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला उभी राहते. होडी उभी राहत नाही. वारा नि पाणी तिला नेतच असते. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी नांगर. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा, नाहीतर नांगर तळाला धरत नाही, नुसता घसरतो. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना मध्ये बसवावे, सगळ्यांनी एका बाजूला गर्दी करू नये. लाइफ जॅकेट असतील ती आधी अंगात घालावीत, गळ्याशी उशी म्हणून ठेवू नयेत! अंधार पडत असेल तर दिवा लावावा. नांगर धरत नसेल, होडी खडकाकडे किंवा फुटणाऱ्या लाटांकडे जात असेल, तर इंजिनाशी झटत न बसता मदत मागावी. समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा फोन नंबर १५५४ आहे. तो मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

फिरतच नाही, की फिरते पण पेटत नाही?

हा दुसरा प्रश्न. दोन्ही दुखणी निराळी, औषधेही निराळी.

बॅटरीवर सुरू होणारे इंजिन असेल आणि सेल्फ मारल्यावर नुसता 'टक्' आवाज येत असेल किंवा काहीच होत नसेल, तर डिझेलकडे बघायचे कारण नाही. आधी गिअर न्यूट्रलला आहे ना, बॅटरीचे मुख्य बटन चालू आहे ना, हे पाहा. मग बॅटरीची टोके. खाऱ्या हवेने तिथे पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि वीज पुढे जात नाही. बटन बंद करून टोके सोडवावीत, पहिल्यांदा उणे खुणेचे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्या फडक्याने पुसावीत, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून घट्ट आवळावे नि वरून व्हॅसलिनचा हात द्यावा. बॅटरीजवळ काडी, विडी, निरांजन काहीही नको. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरी मोजायचे यंत्र असेल तर १२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२ किंवा त्याखाली आली की ती जवळजवळ रिकामी समजावी.

हाताने मारायचे इंजिन असेल तर त्याच्या डोक्यावर एक छोटी कळ असते. ती उचलली की आत हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. चांगला वेग आला की कळ पाडायची. वेग यायच्या आत पाडली तर हवा पुरती तापत नाही नि इंजिन घेत नाही. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिन उलट फटका देते तेव्हा अंगठा नि मनगट मोडते.

धूर बघा, धूर बोलतो

इंजिन फिरते आहे पण पेटत नाही, अशा वेळी काकींसारखे धुराकडे पाहायचे.

धूर अजिबात नाही: डिझेल पोचत नाही.

पांढरा धूर, डिझेलचा उग्र वास: डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. हवा पुरेशी तापत नाही. फिरण्याचा वेग कमी असेल, थंडी असेल, किंवा इंजिन झिजून आतला दाब कमी झाला असेल. ज्या इंजिनात आधी गरम करायचे बटन असते तिथे ते पुरेसा वेळ दाबलेले नसेल.

काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी. हवेच्या फिल्टरवर चिंधी, पिशवी पडली आहे का पाहा. फिल्टर काजळीने नि धुळीने भरला असेल तर साफ करा.

काकी म्हणाल्या, "दहा येळा होडी बंद पडली तर नऊ येळा डिझेलची भानगड असती." मिस्त्रींनीही तेच सांगितले. म्हणून डिझेलचा रस्ता टाकीपासून नोझलपर्यंत, ज्या दिशेने डिझेल जाते त्याच दिशेने तपासत जायचा.

१. इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली आहे का? हसू नका. जुन्या अनुभवी माणसांचेही हे होते.
२. टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास न ठेवता काठी घालून पाहा.
३. टाकीखालचा कॉक उघडा आहे का?
४. फिल्टरखाली काचेची वाटी असेल तर तिच्यात पाणी दिसते का? पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसते नि वेगळे दिसते. खालचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत एका डब्यात काढून घ्या.
५. फिल्टर काळा, चिकट झाला आहे का? मग तो बदलायचा.

एअर काढायची कशी?

टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलला, किंवा एखादा जोड सैल झाला की नळीत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, "इंजिनाने एअर घेतली." डिझेल दाबता येत नाही, हवा मात्र स्पंजासारखी दबते. पंप दाब देतो तो सगळा त्या हवेच्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझल उघडतच नाही. मग तुम्ही हँडल मारून मारून दमलात तरी इंजिन सुरू होणार नाही. ही हवा अशी काढायची:

टाकीत आधी पुरेसे डिझेल घाला. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो. खाली फडके धरून तो दोन-तीन आटे सैल करा. टाकी इंजिनाच्या वर असेल तर डिझेल आपसूक येते. खाली असेल तर हाताने दाबायचा छोटा पंप असतो, तो हलवत राहा. त्याची दांडी मुळीच जोर धरत नसेल तर इंजिन अर्धा-एक फेरा फिरवून पुन्हा हलवा. सुरुवातीला बुडबुड्यांसह फेसाळ डिझेल येईल. फेस थांबून अखंड धार आली की, धार चालू असतानाच स्क्रू आवळा. हा मुद्दा महत्त्वाचा. पंप थांबवून मग आवळलात तर हवा पुन्हा आत जाते.

त्यानंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसेच. शेवटी नोझलला जाणाऱ्या बारीक नळीचा नट अर्धा आटा सैल करा आणि दुसऱ्या कुणाला तरी इंजिन फिरवायला सांगा. नटाशी डिझेल थेंबाथेंबाने उसळू लागले की नट आवळा. आता इंजिन सुरू करून पाहा. बहुधा होतेच.

एक ताकीद. नटाशी डिझेल आले का ते बोट लावून बघू नका. त्या नळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास असतो. बारीक धार कातडी भेदून आत जाते. वर टाचणीएवढा डाग दिसतो, फार दुखतही नाही, पण आत डिझेल पसरते नि बोट, हात गमवायची वेळ येते. तसे झाले तर हळद लावून घरी बसू नका, तडक दवाखान्यात जा आणि डिझेलची धार लागली असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बोटीतली एक खास गोम

ही गोष्ट गिरणीच्या इंजिनाला नसते, म्हणून पुष्कळांना ठाऊक नसते. काही बोटींत इंजिन थंड करणारे खारे पाणी शेवटी धुराच्या नळीत सोडलेले असते. इंजिन चालू असताना धुराच्या जोराने ते बाहेर फेकले जाते. पण इंजिन पेटत नसताना आपण सेल्फ मारत राहिलो तर पाणी आत येत राहते, बाहेर टाकायला धूर मात्र नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे इंजिनात शिरते. मग साध्या दुखण्याचे मोठे ऑपरेशन होते! म्हणून दोन-तीन वेळा सेल्फ मारूनही इंजिन घेत नसेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा. इंजिन सुरू झाल्याक्षणी मात्र तो उघडायचाच, नाहीतर इंजिन जळेल. काकींच्या ओळखीत एकीने यासाठी छान युक्ती केली आहे. कॉक बंद केला की त्याला लावलेली लाल चिंधी सोडून ती किल्लीला बांधायची. किल्लीवर चिंधी दिसली की कॉकची आठवण होते.

सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा. नाहीतर बॅटरी संपते, सेल्फ तापतो आणि खरे दुखणे राहते बाजूला.

हे मात्र करू नका

हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे, पेटती चिंधी धरणे, पटकन पेटणारा फवारा मारणे, असले प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतात. त्याने इंजिन फुटण्याचा, तोंड भाजण्याचा धोका असतो. होडीत तर पळायलाही जागा नाही.

आणि आपल्यासाठी खास: इंजिनाजवळ जाताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधून वर घ्या, बांगड्या सारून घ्या. फिरते चाक, पट्टा नि पंख्याचा दांडा पदराला एका क्षणात ओढून घेतो. मुलींनाही हे बजावून सांगा.

पावसाळ्याआधीची बेगमी

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात आणि नारळीपौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा पाण्यात उतरवतात. इंजिन रुसते ते बहुतेक तेव्हाच. कारण टाकी अर्धी रिकामी ठेवलेली असते. दमट हवेचे पाणी टाकीच्या आतल्या बाजूला धरते, ओघळून तळाशी बसते. त्या पाण्याच्या नि डिझेलच्या मध्ये बारीक जंतू वाढतात आणि काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. होडी पहिल्यांदा लाटांवर हलली की तो ढवळून फिल्टरमध्ये जातो. आपण लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू देत नाही, तेच धोरण टाकीला हवे. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून ठेवावी, झाकणाचे रबर बघावे, बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवावी नि महिन्यातून एकदा चार्ज करावी. हंगाम सुरू होताना टाकीच्या तळचे थोडे डिझेल बरणीत काढून पाहावे. पाणी, गाळ दिसला तर स्वच्छ येईपर्यंत काढावे आणि नवा फिल्टर घालावा. डिझेल भरताना नेहमी बारीक जाळीच्या गाळणीतून.

एवढे होडीत असू द्या

जादा डिझेलचा डबा, गाळणी नि नरसाळे, स्क्रूंना नि नटांना बसणारे पाने, नवा फिल्टर, त्याचे वायसर, बॅटरीचा दिवा, सुती फडकी, वल्ही, नांगर आणि पुरेसा दोर. फडक्यांत सांडलेले डिझेल टिपून घ्या, खाडीत टाकू नका.

एवढे करूनही इंजिन घेत नसेल, म्हणजे डिझेल नटापर्यंत नीट येते, हवा स्वच्छ आहे, चाक जोरात फिरते आणि तरीही पेटत नाही, तर दोष नोझलचा, व्हॉल्व्हचा किंवा झिजलेल्या रिंगांचा असतो. तिथे आपले काम संपले. मिस्त्रींनाच बोलवा. पण "चालत नाही" एवढेच सांगण्यापेक्षा "फिरतं, पांढरा धूर येतो, एअर काढली आहे" असे सांगितलेत तर त्यांचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील.

त्या संध्याकाळी धक्क्यावर उतरल्यावर सासूबाईंनी काकींचा हात हातात घेतला नि नणंदेने दिलेला करंज्यांचा डबा त्यांच्याकडे दिला. पुढे दिवाळीत मी काकींना विचारले, "तुम्ही हे शिकलात कशा? काकांनी शिकवलं?" तर म्हणाल्या, "शिकवतायत कसले! पयल्या वर्साला एकदा अशीच रात्रभर खाडीत बसले होते. तवा मिस्त्री आला की शेजारी बसून बघायचं ठरवलं. होडीचं कर्ज दोघांच्या नावावर हाय, बाय. होडी बुडली तर दोघांची बुडती. मग इंजिन एकट्याचं कसं?"

आता आमच्या घरी नियमच झाला आहे. होडीत बसल्यावर मुले आधी विचारतात, "काकी, नांगर कुठाय? डिझेल किती आहे?" काका हसतात, पण काठी घालून दाखवतात.